पखवाजावर चालणारा हात

गेल्या कार्तिकातील गोष्ट. संध्याकाळी शेवटचे दोन-तीन रुग्ण उरले असताना एक दांपत्य माझ्या खोलीत आले. गृहस्थांचे वय ७७. कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, जडून सहा वर्षे झालेली. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणतो. तपासणी झाली, गोळ्यांच्या वेळा पुन्हा एकदा लिहून दिल्या. नाना उठून दाराकडे निघाले. उंबरठ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले आणि बाहेर पडण्यास बराच वेळ लागला. बाई मात्र मागे राहिल्या. दार लोटून घेऊन म्हणाल्या,

“डॉक्टर, एक विचारू का? सकाळी ह्यांना सदऱ्याची बटणं लावायला वीस मिनिटं लागतात. शेवटी मीच लावते. न्हाणीघरापर्यंतची दहा पावलं, तीही माझ्या हाताला धरून. आणि परवा एकादशीला देवळात भजन होतं. मंडळींनी पखवाज पुढ्यात ठेवला, तर पाऊण तास ह्यांचे हात थांबले नाहीत. मी बायकांत बसून बघत होते. खरं सांगा, हा आजार आहे, की माझ्यापुढंच सोंग?”

हे विचारताना त्यांचा आवाज चढला नाही, खाली गेला.

कंपवाताच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या पुष्कळ घरांत हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो. तो बोलून दाखवणारे थोडे. माझ्यापुढे तो प्रथम आला तेव्हा मी चुकीचे उत्तर दिले होते. दवाखाना थाटून तीन-चार वर्षे झाली असतील. एका आजींची सून अशीच तक्रार घेऊन आली: नातवाने हाक मारली की आजी उठतात, मी मारली की बसून राहतात. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “म्हणजे त्यांना जमतं. तुम्ही सगळं हातात देऊ नका, आपोआप करतील.” सुनेने माझा शब्द मानला. पाण्याचा तांब्या आजींच्या खाटेपासून चार पावलांवर ठेवला. त्या दिवशी आजी दुपारभर तहानलेल्या बसून राहिल्या, आणि तांब्या भरलेलाच राहिला. सुनेनेच मला हे नंतर सांगितले. तो तांब्या मी विसरलेलो नाही.

त्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग माकडांच्या मेंदूच्या अभ्यासातून आला आहे. तो थोडा तपशिलाने सांगावासा वाटतो, कारण एकदा ते चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले की घरातील पुष्कळशा कडवट प्रसंगांचा अर्थ बदलतो.

आपण हात पुढे करतो तेव्हा तो कोणत्या दिशेला जावा हे मेंदूत कोठे ठरते? १९८२ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अपोस्टोलॉस जॉर्जोपूलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा माग घेतला. मकाक कुळातील माकडाला, म्हणजे आपल्या माथेरान-महाबळेश्वरच्या माकडांच्याच भाऊबंदाला, टेबलावरची एक मूठ मध्यापासून आठ दिशांपैकी दिवा लागेल त्या दिशेला सरकवण्यास शिकवले होते. मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागात केसाहून बारीक तार सोडून एकेका चेतापेशीचे विद्युत स्पंदन टिपले जाई. आढळले असे, की प्रत्येक पेशीला एक दिशा विशेष प्रिय असते. त्या दिशेला हात जाताना ती सर्वांत जोराने स्पंदते, दिशा जसजशी त्यापासून ढळत जाईल तसतशी मंदावते, आणि विरुद्ध दिशेला जवळजवळ गप्प होते. एकट्या पेशीच्या बोलण्यावरून हाताची दिशा नेमकी कळत नाही. जत्रेत देवाचा रथ ओढताना दोर धरलेला प्रत्येक जण थोड्या निराळ्या कोनातून ओढत असतो आणि रथ मात्र सर्वांच्या ओढीची बेरीज होईल त्या वाटेने जातो, तसे येथे घडते. अनेक पेशींच्या ओढीची बेरीज मांडली की हात कोठे जाणार हे सांगता येते, हे जॉर्जोपूलोस यांच्या गटाने १९८६ साली दाखवून दिले.

दिशेचा उलगडा असा झाला. पण हात उचलायचाच कशाला? त्याचे उत्तर मेंदूच्या फार खोल भागात आहे.

मध्यमेंदूत काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. त्याचे लॅटिन नाव सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे सरळ भाषेत ‘काळा पदार्थ’. या पेशी डोपामीन नावाचे रसायन बनवतात, आणि कंपवातात ज्या पेशी हळूहळू मरत जातात त्या ह्याच. डोपामीन आटले की हालचाल आटते. तेव्हा या पेशी हालचालीच्या वेळी स्पंदत असणार, असे कोणालाही वाटेल. स्वित्झर्लंडमधील फ्रिबोर्ग येथे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांमध्ये या पेशींचे बोलणे वर्षानुवर्षे ऐकले, तेव्हा निराळेच दिसले. माकडाच्या तोंडात फळांच्या रसाचा थेंब अचानक पडला की पेशी उसळत. रसापूर्वी दर वेळी दिवा लावला, आणि ही जोडी माकडाच्या अंगवळणी पडली, की उसळी दिव्यालाच येई. प्रत्यक्ष रस मिळताना पेशी शांत. आणि दिवा लागूनही रस दिला नाही, तर ज्या क्षणी तो मिळायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशींचे नेहमीचे मंद स्पंदनही थांबे. स्वयंपाकघरात कपबशी वाजली की आपण वर्तमानपत्र खाली ठेवतो. खरा आनंद त्या आवाजाचा असतो, चहा नंतर येतो. आणि कपबशी वाजूनही चहा आला नाही तर जे वाटते, तेही या पेशींच्या हिशेबात नोंदले जाते. मिळेल असे वाटले होते किती आणि मिळाले किती, यातला फरक या पेशी सांगतात, अशी मांडणी शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ साली केली, आणि ती आज मेंदूशास्त्राच्या पायाभूत मांडण्यांत गणली जाते.

आता मला सर्वांत भावलेला प्रयोग. टोकियोच्या जुंतेंदो विद्यापीठात ओकिहिदे हिकोसाका आणि सहकाऱ्यांनी तो केला आणि १९९८ साली प्रसिद्ध केला. माकडाने पडद्याच्या मधल्या ठिपक्याकडे पाहत राहायचे. चार दिशांपैकी एका ठिकाणी क्षणभर दिवा चमकतो व विझतो. माकडाने तिकडे लगेच पाहायचे नाही. जागा ध्यानात ठेवायची. मधला ठिपका मावळला की मग त्या आठवणीतल्या जागेवर नजरेची झेप घ्यायची. येथपर्यंत नेहमीचेच. हिकोसाकांनी त्यात एक खुबी घातली. सलग साठ वेळांच्या एका फेरीत चारपैकी एकाच दिशेच्या झेपेला बक्षीस. उरलेल्या तिन्ही दिशांना काही नाही. तरी काम टाळण्याची सोय नव्हती. चुकले तर तीच खेप पुन्हा करावी लागे. म्हणजे माकडाला बिनबक्षिसाचे कामही मुकाट्याने पार पाडणे भाग होते. पुढच्या फेरीत बक्षिसाची दिशा बदले.

ज्या पेशी ऐकल्या जात होत्या त्या कॉडेट नावाच्या केंद्रकातील. मेंदूच्या गाभ्यातील हा भाग वरून, विचार-दृष्टीच्या प्रदेशांकडून, दिशेची बातमी घेतो आणि खालून, काळ्या पट्ट्याकडून, डोपामीन घेतो. दोन नद्यांचा संगमच म्हणा. चारही दिशांना बक्षीस असताना तेथील एखादी पेशी, समजा, उजवीकडच्या दिव्याला जोराने स्पंदत असे. बक्षीस फक्त डावीकडे ठेवले की तीच पेशी डावीकडे कललेली दिसे. वर ठेवले की वर. तपासलेल्यांपैकी बहुतेक पेशींचे वर्तन बक्षिसाच्या जागेप्रमाणे पालटत होते. काही थोड्या पेशी उलट, बिनबक्षिसाच्या दिशेला अधिक स्पंदत. दिवा तोच, जागा तीच, करायची झेप तीच. पेशीच्या लेखी मात्र त्या दिशेचे मोल बदललेले. आणि वर्तनातही ते दिसे. बक्षिसाकडची झेप लवकर सुरू होई आणि वेगाने होई. बिनबक्षिसाकडची झेप होई, पण रेंगाळत.

२००२ साली याच गटाने आणखी एक गोष्ट पाहिली. कॉडेटमधील काही पेशी दिवा लागण्याआधीच, बक्षिसाच्या बाजूचा कल धरून स्पंदू लागतात. म्हणजे हाक येण्यापूर्वीच मेंदू एका बाजूला किंचित झुकून तयार असतो.

पुढे २००६ साली काए नाकामुरा आणि हिकोसाका यांनी कॉडेटमध्येच डोपामीनची दारे औषधाने तात्पुरती बंद करून पाहिली. एका प्रकारचे दार बंद केले तेव्हा मोठ्या बक्षिसाकडची चपळाई मंदावली. दुसऱ्या प्रकारचे दार बंद केले तेव्हा छोट्या बक्षिसाचे काम आणखीच रेंगाळले. हे दुसरे निरीक्षण मी दोनदा वाचले. ज्यात फारसे काही मिळायचे नाही असे रोजचे काम, आणि डोपामीनची टंचाई: हे दोन्ही एकत्र आले की काय होते, ते मी माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत सकाळी साडेआठ वाजता पाहिले आहे. सदऱ्याच्या बटणांत कसले बक्षीस?

माकडांवरील या प्रयोगांविषयी माझ्या मनात संमिश्र भावना आहेत. मेंदूला स्वतःला वेदना नसते, या अभ्यासांना नियमांची चौकट असते, हे ठाऊक आहे. तरी खुर्चीत बांधलेले ते माकड डोळ्यांसमोर आले की वाचन थांबते. मात्र कंपवातावर मेंदूत विद्युत स्पंदक बसवण्याची शस्त्रक्रिया आज हजारो रुग्णांना पुन्हा चालते करते. तिचा एक भक्कम आधार १९९० साली मेहलॉन डीलाँग यांच्या गटाने कंपवातग्रस्त माकडांवर केलेले काम हा आहे. हे ऋण नाकारणे मला शक्य नाही.

माकडाच्या नजरेच्या झेपेवरून माणसाच्या बटणापर्यंत उडी मारणे धाडसाचे आहे, ही शंका रास्त आहे. हातापायांचा कारभार कॉडेटपेक्षा त्याच्या शेजारच्या पुटामेनकडे अधिक असतो, आणि कंपवातात डोपामीनचा दुष्काळ तेथेच आधी व अधिक कडक पडतो. परंतु माणसांतही पुरावा आहे. २००७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील पिएत्रो मॅझोनी आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना ठरावीक वेगाने हात पुढे नेण्यास सांगितले. रुग्णांना तो वेग गाठता आला, आणि त्या वेगातही त्यांची अचूकता निरोगी माणसांइतकीच होती. फरक एवढाच, की पुरेशा वेळा तो वेग गाठण्यासाठी त्यांना अधिक प्रयत्न करावे लागले. हालचालीची शक्ती शाबूत होती. त्या हालचालीवर किती जोर खर्चावा याचा मेंदूतील मूक हिशेब कंजूष झाला होता. हा हिशेब आपण जाणूनबुजून करत नाही. म्हणून ‘मनावर घ्या’ या उपदेशाने तो सुधारत नाही. ज्याने ते मनावर घ्यायचे तो मनाचा भाग तेथे कामालाच नाही.

तेव्हा नानांच्या पत्नीला मी काय सांगितले? आजार खरा आहे, आणि पखवाजही खरा आहे. देवळात त्यांच्यापुढे चाळीस वर्षांची आवड होती, मंडळींचे डोळे होते, आणि टाळांचा ठेका होता. शेवटची गोष्ट वेगळी मोजायला हवी: बाहेरून ठेका मिळाला की मेंदू हालचालीसाठी दुसरी, अजून शाबूत असलेली वाट धरतो, हेही त्या पाऊण तासाचे एक कारण असणार. सगळे श्रेय बक्षिसाच्या अपेक्षेला देणे बरोबर नाही. घरात मात्र ठेका नाही, श्रोते नाहीत, आणि पुढ्यात सहा बटणे.

“म्हणजे मी त्यांना आवडत नाही म्हणून नव्हे?” बाईंनी विचारले. सहा वर्षे त्या हाच विचार करत असतील, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते. नातवाची हाक नवी असते, क्वचित येते. पत्नीची हाक दिवसातून पन्नास वेळा येते आणि ती बहुधा औषधासाठी, अंघोळीसाठी किंवा ‘आवरा’ म्हणण्यासाठी असते. शुल्ट्झ यांच्या पेशी अपेक्षित गोष्टीला उसळत नाहीत. जी व्यक्ती सर्वांत भरवशाची, तिच्याच हाकेला ही उसळी सर्वांत कमी. सेवा करणाऱ्यावरचा हा अन्याय आहे, पण तो रुग्णाने केलेला नाही.

मग घरात काय करावे? या अभ्यासांतून निघणारे आणि माझ्या अनुभवाला पटलेले असे काही सांगतो. रुग्णाला चालवायचे असेल तेव्हा मागून ढकलू नये, दंडाला धरून ओढू नये. जेथे पोहोचायचे तेथे, समोर, आपण उभे राहावे. जायच्या जागी हवीशी गोष्ट दिसेल अशी ठेवावी: उन्हातली खुर्ची, वर्तमानपत्र, चहा. दिशा आणि ओढ एकाच जागी असल्या की पाऊल उचलणे सोपे जाते. पाय उंबरठ्याशी चिकटत असतील तर फरशीवर, एकेका पावलाच्या अंतराने, चालण्याच्या वाटेला आडव्या अशा ठळक रंगाच्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि प्रत्येक पट्टी ओलांडायला सांगावे. नानांना मी मनातल्या मनात पखवाजाचे बोल म्हणत चालायला सांगितले. तांब्या मात्र हाताशीच ठेवावा. पाणी, औषध, शौचाला जाणे या गोष्टी कोणाच्याही परीक्षेसाठी नाहीत.

आणि खोटे आमिष दाखवू नये. ‘नात येणार आहे, उठा’ असे सांगून उठवले आणि नात आली नाही, तर आधीच दुबळ्या झालेल्या त्या हिशेबात आणखी एक वजाबाकी होते. दुसऱ्या दिवशी तेच सांगून माणूस उठत नाही, असे मी पाहिले आहे.

गोळ्यांविषयी थोडे. लेव्होडोपाची गोळी ठरल्या वेळी, शक्यतो जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी. डाळी, दूध, मांस यांतील प्रथिने तिच्या शोषणाच्या आड येतात. ती परस्पर बंद करू नये. गोळीचा अंमल असताना आणि उतरल्यावर माणूस जणू दोन वेगळ्या स्वभावांचा वाटतो, त्यालाही आधार आहे. २००४ साली मायकेल फ्रँक यांच्या अभ्यासात औषध घेतलेले रुग्ण चांगल्या परिणामांवरून अधिक शिकताना दिसले, आणि औषधाविना असलेले रुग्ण वाईट परिणामांवरून. म्हणून नवी सवय लावायची, व्यायाम करून घ्यायचा, तो गोळीचा अंमल असताना. आणि तेव्हा कौतुकात हात आखडू नये.

प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गोळ्यांबाबत मात्र सावध राहावे. त्या डोपामीनची नक्कल करतात, आणि काही रुग्णांत बक्षिसाची ओढ प्रमाणाबाहेर वाढवतात. आयुष्यभर काटकसरीने राहिलेला माणूस लॉटरीची तिकिटे घेऊ लागतो, मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळतो, अनावश्यक खरेदी करतो, खाण्यावर किंवा कामवासनेवर त्याचा ताबा राहत नाही. घरचे लोक लाजेने गप्प राहतात. कृपा करून गप्प राहू नका, डॉक्टरांना सांगा. औषध बदलून हे बहुधा आटोक्यात येते, आणि तो माणूस वाया गेलेला नसतो.

खाजकुइलीविषयी पुष्कळ जण विचारतात. तिच्या बियांत लेव्होडोपा असतो हे खरे आहे, आणि १९३७ साली तो मद्रासमध्ये त्या बियांतून वेगळाही केला गेला होता. पण म्हणूनच ती गोळ्यांच्या जोडीला मनाने घेऊ नये. मात्रा प्रमाणाबाहेर जाऊ शकते आणि भास होऊ शकतात.

नाना आणि बाई मागच्या पंधरवड्यात पुन्हा आले होते. आजार ओसरलेला नाही, तो ओसरण्यातला नाही. बाई या वेळी खुर्चीत बसल्या, नानांना बाहेर पाठवले नाही. वरची चार बटणे त्या लावतात, खालची दोन नानांसाठी सोडतात. ती लागली की पखवाज काढून देतात. संध्याकाळी शेजारची दोन मुले टाळ घेऊन येतात, असे नाना स्वतःच, अगदी बारीक आवाजात, म्हणाले.

बाईंची तक्रार निराळीच होती. “पट्ट्या चांगल्या आहेत, पण फरशी पुसली की निघतात. दुसरं काही चिकटेल का?”

मी ऑइल पेंट सुचवला.